इन्फिल्ट्रेट
इन्फिल्ट्रेट : शत्रूच्या प्रदेशात, संघटनेत किंवा यंत्रणेत नकळत शिरकाव करणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. ते सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे वापरतात. त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘फिल्ट्रम’ म्हणजे नमदा या शब्दात आहे. द्रव गाळण्यासाठी नमदा वापरत. अठराव्या शतकात हे क्रियापद द्रव झिरपण्यासाठी वापरले जाई. लष्करी व राजकीय अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला. पहिल्या महायुद्धात, 1918 च्या वसंतातील हल्ल्यांत, जर्मन तुकड्या मजबूत ठाणी टाळून कमकुवत जागांतून आत घुसल्या. या डावपेचांना ‘इन्फिल्ट्रेशन’ म्हणतात. वैद्यकात पेशी ऊतींमध्ये पसरणे आणि जलविज्ञानात पाणी जमिनीत मुरणे, यांसाठीही हीच संज्ञा आहे. लष्करी संदर्भात मराठी प्रतिशब्द ‘घुसखोरी करणे’.