लग्न झाले आणि देश गेला

लग्न झाले की रेशनकार्डावरचे आपले नाव माहेरी कमी होते आणि सासरी चढते, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण लग्नाने बाईचा देशच बदलला तर? असे कायदे खरोखर होते. आज आम्ही त्यांचीच माहिती सांगणार आहोत.

एकोणिसाव्या शतकात युरोपातून लाखो माणसे बोटीने अमेरिकेला गेली. जन्म एका देशात, संसार दुसऱ्या देशात. मग हा माणूस कोणाचा? ब्रिटनचा जुना नियम होता, राजाची प्रजा ती जन्मभर प्रजा. १८७० साली तो बदलला. परदेशाचे नागरिकत्व घेणारा पुरुष ब्रिटिश प्रजा राहिला नाही. त्याच कायद्याने ठरवले, की नवऱ्याचा देश तोच बायकोचा. पुरुषाचा देश त्याच्या अर्जाने बदलायचा, बाईचा मात्र तिला न विचारता.

१९१४ साली महायुद्ध पेटले. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या, पण जर्मन माणसाशी लग्न केलेल्या बायका आपल्याच गावात शत्रू ठरल्या. त्यांना पोलिसांकडे नाव नोंदवावे लागले.

अमेरिकेनेही १९०७ साली असाच कायदा केला. कॅलिफोर्नियात १९११ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला. तिथल्याच एथेल मॅकेन्झी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तर नकार मिळाला. कारण नवरा ब्रिटिश. त्या कोर्टात गेल्या. १९१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, परिणाम माहीत असून लग्न केले, म्हणजे देश आपल्या मर्जीने सोडला! वास्तविक त्यांनी देश कधी सोडलाच नव्हता.

बायकांच्या संघटना लढत राहिल्या. १९२२ साली अमेरिकेने कायदा बदलला, पण आशियाई माणसाशी लग्न करणारीला १९३१ पर्यंत वाट पाहावी लागली. ब्रिटनने १९४८ चा कायदा करून ही अट काढली.

आपल्याकडे परदेशी माणसाशी लग्न केले, एवढ्यावरून बाईचे नागरिकत्व जात नाही. तिने स्वतः दुसऱ्या देशाचे घेतले तर जाते, आणि पुरुषालाही हाच नियम आहे.

मैत्रिणींनो, त्या बायकांचे सगळे नवऱ्याच्या कागदावर होते, म्हणून एका फटक्यात गेले. गटाच्या पुढच्या बैठकीत आपण सगळ्याजणी मतदार यादी, सातबारा, बँकेचे पासबुक काढून बघू या. त्यावर आपले स्वतःचे नाव आहे का?