संगणक चुकीच्या ड्राइव्हवरून सुरू होतोय? फॉरमॅट करण्याआधी बूट क्रम तपासा

नवी एसएसडी बसवली, तिच्यावर विंडोज टाकले, पॉवरचे बटण दाबले आणि पडद्यावर पुन्हा तेच जुने, रखडत चालणारे विंडोज आले. किंवा काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ दिसली. अशा वेळी अनेक जण डिस्क बिघडली असे समजून ती फॉरमॅट करायला घेतात. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! डिस्क अनेकदा ठणठणीत असते, चुकलेला असतो तो फक्त क्रम. फॉरमॅट केल्यावर मात्र वर्षानुवर्षांचे फोटो आणि दुकानाचा हिशेब हाताचा जातो.

संगणक ड्राइव्ह कसा निवडतो?

बटण दाबल्यावर सर्वात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम चालू होतो. जुन्या संगणकांत तो बायोस असतो, नव्यांत यूईएफआय. बोलताना दोन्हींना बायोसच म्हटले जाते. या प्रोग्रामकडे ड्राइव्हची एक यादी असते, तिला बूट क्रम म्हणतात. यादीत वरून खाली जाताना जिथे सुरू करण्याजोगी प्रणाली सापडते, तिथे तो थांबतो. कोणती डिस्क नवी आणि कोणती वेगवान, हे त्याला कळत नाही.

जुनी बायोस पद्धत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये सुरुवातीचा प्रोग्राम शोधते. यूईएफआय मात्र डिस्कवरच्या एका लहानशा, वेगळ्या विभाजनातील फाइल शोधते. म्हणून नव्या संगणकांच्या यादीत डिस्कच्या नावाबरोबर किंवा त्याऐवजी ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नोंद दिसते.

दुरुस्तीची सुरुवात कुठून करावी?

१. पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मेमरी कार्ड आणि डीव्हीडी काढून संगणक पुन्हा सुरू करावा. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो. फ्लॉपीच्या काळात हा विसराळूपणा महागात पडायचा. १९८६ मध्ये लाहोरमध्ये तयार झालेला ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये दडून असे. तशी फ्लॉपी आत राहिली असताना संगणक सुरू केला की तो मेमरीत शिरायचा.

२. क्रम बदलण्याआधी बूट मेनूतून चाचणी घ्यावी. हा मेनू फक्त त्या एका वेळेसाठी ड्राइव्ह निवडू देतो, कायमचे काही बदलत नाही. संगणक सुरू होताच डेल, एसर आणि लेनोव्होच्या अनेक मॉडेल्समध्ये एफ१२, तर एचपीमध्ये एफ९ दाबावे लागते. विंडोज चालू होत असेल, तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केल्यास ‘यूज अ डिव्हाइस’ हा पर्याय यूईएफआय संगणकांत मिळतो.

३. मेनूतून हवा तो ड्राइव्ह नीट सुरू झाला, तर दोष क्रमाचाच आहे. बायोस सेटिंगमध्ये जाऊन (डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, अनेक डेस्कटॉपमध्ये डिलीट) ‘बूट’ विभागात तो ड्राइव्ह सर्वात वर आणावा आणि बदल सेव्ह करून बाहेर पडावे. ‘विंडोज बूट मॅनेजर’ दोनदा दिसत असेल, तर शेजारी डिस्कचे मॉडेल लिहिले आहे का ते पाहावे.

त्याआधी एक खबरदारी घ्यायला हवी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर बायोसमधील बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधीच शोधून कागदावर लिहून ठेवावी. अनेकांच्या बाबतीत ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

क्रम बरोबर असूनही चालत नसेल तर?

एसएसडी यादीतच दिसत नसेल, तर संगणक बंद करून, प्लग काढून, तिची केबल किंवा ती स्लॉटमध्ये नीट बसली आहे का ते तपासावे.

ती यादीत दिसते, पण सुरू होत नाही, असे असेल तर पद्धतींचा मेळ बसलेला नसू शकतो. यूईएफआय पद्धतीने टाकलेले विंडोज ‘लेगसी’ सेटिंगमध्ये सुरू होत नाही. उलटही तेच. असे सेटिंग नुकतेच बदलले असेल, तर ते पूर्ववत करावे.

सर्वात फसवा प्रकार वेगळाच आहे. जुनी हार्ड डिस्क जोडलेली असताना नव्या एसएसडीवर विंडोज टाकले, तर सुरुवातीच्या फाइल जुन्या डिस्कवरच राहू शकतात. जुनी डिस्क जोडलेली असेपर्यंत सगळे सुरळीत चालते, ती काढली की संगणक अडतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये हे पाहता येते. चालू विंडोज ज्या विभाजनावर आहे तिथे ‘बूट’ लिहिलेले असते आणि सुरुवातीच्या फाइल जिथे आहेत तिथे ‘सिस्टम’. हे दोन शब्द वेगवेगळ्या डिस्कवर दिसले, तर जुनी डिस्क फॉरमॅट करू नये. ‘बीसीडीबूट’ या विंडोजच्याच साधनाने त्या फाइल नव्या डिस्कवर तयार करता येतात, पण नवख्याने हे काम जाणकाराकडून करून घेतलेले बरे. मुळात विंडोज टाकताना जुनी डिस्क काढून ठेवली, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

क्रम पुन्हा पुन्हा बदलत असेल तर?

जुन्या डेस्कटॉपमध्ये दरवेळी तारीख आणि वेळही चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बहुधा सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की बायोस आपली सेटिंग विसरतो. नवा सेल टाकून क्रम पुन्हा लावावा.

फॉरमॅटचा विचार यानंतरच करावा. तोही आतला डेटा दुसरीकडे उतरवून घेतल्यावर.