पंचरंगी सामने : एका बंद पडलेल्या स्पर्धेचा इतिहास

स्वातंत्र्यपूर्व काळात हिंदुस्थानातील क्रिकेटचे मोठे सामने म्हणजे मुंबईचे सामने, असे समीकरणच होते. प्रारंभी केवळ युरोपियन आणि पारशी यांच्यात होणाऱ्या या सामन्यांत १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आला व ते तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला तेव्हा चौरंगी आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती व इतर खेळाडूंचा ‘शेष संघ’ आला तेव्हा पंचरंगी. संघाची विभागणी धर्मावर होती आणि तीत कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते.

धर्माच्या नावाने बांधलेल्या संघाला आपल्याच धर्मातील अस्पृश्यतेचे काय करायचे, हा प्रश्न मात्र टाळता आला नाही. तो उभा केला पालवणकर बंधूंनी. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखत आणि सरावासाठी त्यांना चेंडू टाकत. त्यांच्या डावखुऱ्या फिरकीची कीर्ती पसरली, तेव्हा पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले. पण चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. मैदानावर ज्या हाताने टाकलेला चेंडू सर्वांनी आनंदाने झेलावा, त्याच हाताचा पेला विटाळाचा ठरावा, ही विसंगती आज वाचतानाही मान खाली घालायला लावते.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरविले. त्या संघात बाळूंबरोबर त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून बाळू इंग्लंडला गेले आणि त्या एका दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० मध्ये तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. विठ्ठल व शिवराम या बंधूंनी निषेध म्हणून माघार घेतली, वृत्तपत्रांतून वाद रंगला आणि अखेर तडजोड होऊन अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. तिघा भावांचे हे धैर्य कोणत्याही शतकाहून मोलाचे मानावे लागेल. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांवर विजय मिळविला.

जबलपूर तेव्हा ज्या मध्य प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर. त्या नागपूरचे सी. के. नायडू याच स्पर्धेतून नावारूपाला आले. १९२६ च्या डिसेंबरात मुंबईत आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या. सांगलीच्या विजय हजाऱ्यांचा पराक्रम त्याहून अद्भुत. १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंसाठी नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल शेष संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. सामना हरला तो त्यांचाच संघ!

तरीही काळ बदलत होता. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत, १९३० पासून चार वर्षे, सामने झालेच नाहीत. १९३४ मध्ये प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा सुरू झाली आणि धर्माऐवजी प्रदेशाच्या नावाने खेळण्याचा दुसरा मार्ग निघाला. १९३७ मध्ये नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपावरून हिंदू संघाने बहिष्कार घातला. वाद खेळाचा नव्हता, खुर्च्यांचा होता. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला गांधीजींना भेटले. धर्मवार संघ ही कल्पनाच आपल्याला समजत नाही, असे त्यांनी सांगितले. मुंबईचे प्रेक्षक तरीही गर्दी करीतच राहिले. फाळणीचे सावट गडद झाल्यावर मात्र चालकांना स्पर्धा पुढे रेटणे अशक्य झाले आणि १९४६ च्या आरंभी ती कायमची बंद झाली.

विठ्ठल पालवणकरांचे मराठी आत्मचरित्र ‘माझे क्रीडाजीवन’ त्यानंतर दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, प्रसिद्ध झाले.