पाळी पुढे ढकलणारी गोळी : एका रेणूचा प्रवास

१/ गौरी-गणपती जवळ आले की अनेक घरांत दिनदर्शिकेवर दोन हिशेब मांडले जातात : एक गौरींच्या आवाहनाचा आणि दुसरा घरातील बायकांच्या तारखांचा. दोन्ही जुळून येणार असे दिसले की कोणीतरी हळू आवाजात म्हणते, ‘गोळी घे.’ ही गोळी आली कोठून आणि ती घेण्यापूर्वी काय ठाऊक असावे, याविषयी हा धागा.

२/ मला ती प्रथम मिळाली तेव्हा मी दहावीत होते. औषधाच्या दुकानातून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आलेली. कधीपासून कधीपर्यंत घ्यायची एवढेच सांगितले गेले. ती मला चालेल का, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. पाकिटावरील ‘नॉरएथिस्टेरॉन’ हे नाव पुढे इतिहासाच्या अभ्यासात पुन्हा भेटले.

३/ आधी शरीराचे गणित. अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरते. गर्भधारणा झाली नाही तर त्याची पातळी उतरते आणि अस्तर गळते, हीच पाळी. बाहेरून तसेच संप्रेरक देत राहिले तर अस्तर टिकून राहते. तत्त्व सोपे होते, पण संप्रेरक मिळवणे महाकठीण.

४/ १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी सशांवरील प्रयोगांतून या संप्रेरकाचे कार्य दाखवले. १९३४ मध्ये ते शुद्ध रूपात हाती आले. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांना त्यासाठी सुमारे ५० हजार डुकरिणींची अंडाशये लागली आणि मिळाले ते अवघे काही मिलिग्रॅम. शिवाय तोंडावाटे घेतल्यास त्याचा प्रभाव नगण्य.

५/ १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानटी कंदांपासून प्रोजेस्टेरॉन तयार करून दाखवले. हे कंद आपल्या कोनफळाच्या आणि करांद्याच्याच कुळातील. १९४४ मध्ये मेक्सिको सिटीत ‘सिंटेक्स’ ही कंपनी उभी राहिली. दक्षिण मेक्सिकोतील शेतकरी रानांतून कंद खणून आणत, त्यावर हा उद्योग चाले.

६/ १५ ऑक्टोबर १९५१. सिंटेक्सच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या लुईस मिरामोंतेस या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याने नॉरएथिस्टेरॉन तयार केले. तोंडावाटे घेता येईल असे, प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे प्रभावी द्रव्य हाती आले. १९५७ साली ते अमेरिकेत पाळीच्या तक्रारींवरील औषध म्हणून विक्रीस आले. सणवारासाठी पाळी लांबवणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता.

७/ त्याच काळात ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक गर्भनिरोधक गोळीवर काम करत होते. रॉक यांनी आरंभी मूल न होणाऱ्या स्त्रियांना संप्रेरके सलग दिली. त्यांची पाळी थांबली, त्यांना दिवस गेल्याचा भास झाला आणि नंतर त्या निराश झाल्या. म्हणून पिंकस यांनी सुचवले : २० दिवस औषध द्यावे, मग थांबावे, म्हणजे रक्तस्राव होईल.

८/ पुढे २१ दिवस गोळी आणि ७ दिवस खंड हा प्रघात रूढ झाला. या खंडात होणारा स्राव ही खरी पाळी नव्हे. औषध थांबल्याने गळलेले ते अस्तर असते. दर महिन्याला तो व्हावा, अशी वैद्यकीय निकड नव्हती. तो बायकांना आश्वस्त करण्यासाठी ठेवला गेला.

९/ पोपला खूश करण्यासाठी हा खंड ठेवला, असे सर्रास लिहिले जाते. कालक्रम मात्र निराळा आहे. रॉक श्रद्धाळू कॅथलिक होते आणि गोळी ‘नैसर्गिक’ आहे असा युक्तिवाद त्यांनी १९६३ च्या पुस्तकात केला. पण खंडाचा निर्णय त्याआधी सुमारे दहा वर्षांचा. १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांनी गोळी नाकारलीच.

१०/ १९७७ साली एडिंबरा येथील संशोधकांनी तीन महिन्यांतून एकदाच स्राव होईल अशी योजना तपासली. सहभागी स्त्रियांपैकी बहुतेकींना ती आवडली. २००३ मध्ये अमेरिकेत ८४ दिवस सलग घेण्याच्या गोळीला मान्यता मिळाली. म्हणजे औषधातील ‘महिना’ हा माणसांनी ठरवलेला होता आणि तो बदलताही आला.

११/ आपल्याकडे ही गोळी एका जुन्या नियमाच्या सेवेत रुजू झाली. ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’ हे शब्द मागच्या पिढीच्या बोलण्यात अजून आहेत. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी अभंगातून विचारले होते की देहच विटाळातून जन्मतो, तर विटाळावेगळा कोण? प्रश्न अनुत्तरित राहिला. गोळीने तो फक्त चार-आठ दिवस पुढे ढकलला.

१२/ अर्थात परीक्षा, प्रवास, स्पर्धा, स्वतःचे लग्न अशा कारणांसाठी स्त्रीला स्वतःलाच पाळी लांबवावीशी वाटू शकते. डॉक्टर साधारणतः ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. अशा रीतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक मानू नये.

१३/ धोका कोठे आहे? नॉरएथिस्टेरॉनचा अल्पसा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. याच द्रव्याच्या रोजच्या गर्भनिरोधक गोळीत ते ०.३५ मिलिग्रॅम असते. येथे दिवसाला १५ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस पटींहून अधिक. त्यामुळे रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. बहुतेकींना ती अल्प असते, सर्वांना सारखी नसते.

१४/ पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, गर्भधारणेची शंका, कारण न कळलेला रक्तस्राव : यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. घरात कोणाला गुठळी झाली असेल तर तेही. गोळी घेताना पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली किंवा धाप लागली तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

१५/ यंदा मामेबहिणीने गोळीविषयी विचारले, तेव्हा तिला मी डॉक्टरांकडे नेले. घरच्या आजारांविषयी विचारताच सोबत आलेली मामी म्हणाली, ‘हिच्या वेळी बाळंतपणानंतर माझ्या पायात गाठ झाली होती.’ हे आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हते. डॉक्टरांनी गोळी नको म्हणून सांगितले. बाहेर आल्यावर मामी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘राहू दे. आरतीला येऊन उभी राहा.’

धागा समाप्त.