पदार्पणाची आकडेवारी फसवी

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत (एनबीए) 'ड्राफ्ट'मधून निवडलेल्या नवोदितांची पारख पहिल्या मोसमावरून करणे अनेकदा फसवे ठरते. २०१३ च्या ड्राफ्टमधील अकराव्या क्रमांकाच्या मायकेल कार्टर-विल्यम्सने फिलाडेल्फियाकडून पदार्पणातच २२ गुण, १२ असिस्ट व ९ स्टील नोंदविले. तो मोसमातील सर्वोत्तम नवोदितही ठरला. मात्र, २०१५ मध्ये संघाने त्याला मिलवॉकीकडे सोपविले. त्याच ड्राफ्टमध्ये मिलवॉकीने पंधराव्या क्रमांकावर निवडलेल्या ग्रीसच्या यानिस अँटेटोकोम्पोची पहिल्या मोसमातील सरासरी अवघी ६.८ गुण होती. पुढे तो २०१९ व २०२० मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१ मध्ये मिलवॉकी विजेते झाले. पदार्पणावेळी कार्टर-विल्यम्स २२ वर्षांचा, तर यानिस १८ वर्षांचा होता. त्यामुळे गुणांइतकेच वय आणि वाढीला असलेला वावही पाहावा लागतो.