मुलांशी व्यसनाबद्दल कसे बोलावे?

तंबाखू, दारूबद्दल बोलायला मूल कॉलेजात जाईपर्यंत थांबू नका. नऊ-दहाव्या वर्षीच सुरुवात करा. भाषण नको. टपरीवर लटकणाऱ्या पुड्या दिसल्या की "याबद्दल तुला काय माहीत आहे?" असे विचारा आणि आधी ऐकून घ्या.

मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत सुरू असते, म्हणून कमी वयात व्यसन लवकर जडते. पण "पुढे कॅन्सर होईल" ही भीती मुलांना दूरची वाटते. तोंडाला वास येतो, दात खराब होतात, खेळताना दम लागतो, हे लगेच पटते.

मित्रांनी आग्रह केला तर नाही कसे म्हणायचे, याचा घरी सराव करा. "अडचण आली तर फोन कर, आधी घरी आणू, मग बोलू," असा शब्द द्या आणि तो पाळा.

तुम्हाला स्वतःला सवय असेल तर लपवू नका. सोडणे किती कठीण जाते ते सांगा. मुलाला तंबाखू आणायला पाठवू नका. १८ वर्षांखालील व्यक्तीला ती विकणे गुन्हा आहे.

मूल अचानक गप्प राहू लागले, झोप-अभ्यास बिघडला, घरातले पैसे कमी होऊ लागले, तर कारण व्यसनच असेल असे नाही. मारहाण न करता डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.