मुंबईतील भाड्याची खोली : आपल्या मागील पिढ्यांनी निवारा कसा मिळविला

आपल्या ज्ञातीची कुटुंबे मुंबईस कधी व कोणत्या कारणाने आली याविषयी पुष्कळ सांगितले जाते. परंतु ती येथे राहिली कोठे, आणि ज्या खोल्यांत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या त्या खोल्या त्यांस लाभल्या कशा, हा वृत्तांत कोणी लिहून ठेविलेला माझ्या पाहण्यात नाही. तो सांगणारी वडीलधारी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून हा अल्प प्रयत्न ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. मात्र पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या थोड्याच झाल्या. पुढे पहिल्या महायुद्धात घरबांधणी थंडावली, गिरण्या जोरात चालल्या आणि भाडी वाढली. विलायतेत ग्लासगो शहरच्या बायकांनी १९१५ साली भाडे देण्याचे नाकारून सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावयास लाविले होते. मुंबईत तसा पहिला कायदा १९१८ साली झाला. तो अल्पकालीन होता. गव्हर्नर लॉइडसाहेबांच्या कारकिर्दीत, १९२० साली, विकास खाते निघाले व त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे एकंदर २०७ चाळी उठविल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची. तरीही आरंभी त्यांतील कित्येक रिकाम्या पडून राहिल्या, कारण त्यांचे भाडे कामगारास झेपत नव्हते. त्या काळी गिरगावातील चाळींवर 'टू लेट'च्या पाट्या लोंबत असत, असे आमचे वडील लोक सांगत, तेव्हा आम्हां मुलांस ती थट्टा वाटे.

दुसऱ्या महायुद्धाने पाट्या उतरविल्या. निर्बंध १९३९ पासून पुन्हा आले होतेच. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने मात्र १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाणभाडे ठरविले, आणि नियमाने भाडे भरणाऱ्यास सहजासहजी घराबाहेर काढता येणार नाही अशी तजवीज केली. फाळणीनंतर निर्वासितांचा लोंढा येत असता हा कायदा गरिबास खरोखरच आधार झाला. त्याचा उपकार मानलाच पाहिजे. आमचे स्वतःचे घर त्यावर उभे राहिले. परंतु भाडे गोठले ते पन्नासाहून अधिक वर्षे गोठलेलेच राहिले. न्यूयॉर्क शहराने १९६९ साली भाडे स्थिर राखण्याचा कायदा केला, त्यात वाढ किती द्यावी हे दरवर्षी ठरविणारे मंडळ नेमले. आपल्याकडे तशी सोय नव्हती.

परिणाम असा झाला की, जो आत होता तो आत राहिला, आणि गावाहून नव्याने येणाऱ्यास रिकामी खोली म्हणून मिळेना. कोणी मुंबई सोडीत आहे, कोणी वारला, कोणाची बदली झाली, ही वार्ता प्रथम आप्तांत व गाववाल्यांत फिरे. एकटा पुरुष परळ-लालबागेस गावमंडळाच्या खोलीत वळकटी टाकी; पाळ्या बदलतील तशी निजण्याची जागा बदले; जेवण खानावळीत. बिऱ्हाड थाटावयाचे तर पगडी लागे. पगडी घेणे हा १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता, म्हणून त्या रकमेची पावती नसे. बायकांच्या अंगावरील दागिने मोडून आणि गावची जमीन गहाण टाकून दिलेला तो पैसा केवळ शब्दावर दिला जाई. मुंबईत ज्ञाती, गाव व सोयरीक यांस इतके वजन का आले याचे एक कारण येथे सापडेल, असे माझे मत आहे.

याहून निराळा मार्ग नव्हता असे नाही. राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी १९१५ सालीच गावदेवी येथे सहकारी गृहसंस्था काढली. आपल्या पूर्वजांनी शिष्यवृत्त्या दिल्या, वधूवर मेळावे भरविले, पण एखादी वाडी बांधण्याचा विचार केला नाही, ही खंत मी यापूर्वी सभेतही बोलून दाखविली आहे. असो.

आमच्या तीर्थरूपांना खोली मिळाली ती त्यांच्या चुलत्यांकडून. चुलत्यांच्या नावची पावती. त्यांचा मुलगा गावी शेती पाही. तीर्थरूपांनी वीस वर्षे त्यांच्याजवळ राहून त्यांचे दुखलेखुपले पाहिले. १९७८ साली चुलते निवर्तले आणि घरमालकाने आमच्याकडून भाडे घेण्याचे नाकारले. मनीऑर्डर पाठवावी, ती परत यावी, असे वर्षभर चालले. भाडेकरूच्या मृत्युसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास कायदा हक्क देई. पण पुतण्या कुटुंबीय की नाही, यावर गावाहून आलेल्या काकांनी वाद घातला. अखेर ज्ञातीतील दोन वृद्ध गृहस्थ मध्यस्थीस बसले. काकांस रक्कम द्यावी, पावती तीर्थरूपांच्या नावे व्हावी असे ठरले. घरमालकानेही पावती बदलण्याचे पैसे घेतले. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. काकांचे आमच्याकडे येणे मात्र थांबले ते कायमचे.

भाडे गोठल्याने दुरुस्ती कोणी करीना. शहरातील जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ निर्मिले. तेच पुढे म्हाडात विलीन झाले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत असे म्हटले. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला; त्याने दरवर्षी चार टक्के वाढ दिली आणि पगडीस मान्यता दिली. आता ती धनादेशाने देता येते व खोली दुसऱ्याच्या नावे होताना घरमालक बहुधा तिसरा हिस्सा घेतो.

आज त्याच इमारती पुनर्विकासात जात आहेत व भाडेकरूस मालकी हक्काचे घर मिळते आहे. ते मिळते पावतीवर ज्याचे नाव त्यास. आपल्यांतील पुष्कळ घरांत पावती अद्याप दिवंगत आजोबांच्या नावे आहे आणि भावंडे चार ठिकाणी पांगली आहेत. आमच्या खोलीच्या १९७९ पासूनच्या पावत्या मी पत्र्याच्या पेटीत वर्षवार लावून ठेविल्या आहेत. गेल्या वर्षी काकांचा नातू त्या पाहावयास आला होता. आमच्या दोन्ही मुलांस बोलावून मी पेटी त्याच्यापुढे उघडली.